साळवेमामांचं भेटकलम

साळवेमामांच्या घरात छत्री एकच होती आणि ती झाडाची होती. एप्रिल-मे महिन्यात दौंडचं ऊन असं तापायचं की कावळेसुद्धा पाण्याच्या टाकीखाली तोंड उघडून बसायचे. अशा उन्हात मामा डोक्यावर ओला टॉवेल टाकून ड्यूटीवर निघायचे, आणि मागे त्यांच्या परसात, अर्ध्या कापलेल्या पत्र्याच्या पिंपात लावलेलं कंबरेएवढं झाड काळ्या छत्रीखाली ऐटीत उभं असायचं. पावसाळ्यात तरी ती छत्री मामांना मिळेल असं मला वाटलं होतं. पण पावसाळ्यात मामांनी ती खाली उतरवून बुंध्याशी बांधली. "डोक्यावर पाऊस चालतो त्याला. मुळाशी पाणी साचलं की खलास," असं मला समजावून, स्वतः गोणपाटाची खोळ घेऊन ते भर पावसात स्टेशनकडे चालू लागले.

ते झाड लिचीचं होतं. दौंडात लिची म्हणजे काय, हे ठाऊक असणारी माणसं त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. मीही त्यांच्यात नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी लग्न होऊन शिरूरहून दौंडला आले. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. स्टेशनमागच्या वस्तीत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शेजारी साळवेमामा. मालगाडीचे गार्ड, पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले. दोन्ही परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. पहिल्याच दिवशी मी धुणं वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "वैनी, म्हायेर कुठलं?"

"शिरूरचं."

"पाणी कुठलं प्यायचा? नदीचं का हिरीचं?"

असला प्रश्न मला मुलगी बघायला आलेल्या एकाही माणसानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "विहिरीचं."

"मग रुजाल," मामांनी मान हलवली. "हितलं पाणी जड हाय. पण हिरीच्या पाण्यावर वाढलेलं माणूस टिकतं."

आपल्याला रोपासारखं पारखून बघितलं हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी रात्रीचा स्वयंपाक करत होते, आणि एकटीच हसले.

कलम बांधणं हा मामांचा ध्यास होता. कलम म्हणजे एका झाडाच्या बुंध्यावर दुसऱ्याची फांदी जोडायची. खालच्या मुळाच्या झाडाला ते खुंट म्हणायचे, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर त्यांचं एकच मत असायचं, "खुंट बघा, खुंट!" माझ्या दिराला मुलगी सांगून आली तर मामांनी मुलीबद्दल काही विचारलं नाही, "आजी कशी हाय तिची? खुंट बघा." निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल, "वरची पानं लई हालत्यात. खुंट बघा." आमच्या ह्यांनी हौसेनं पुण्याहून रेडिओ आणला, तर मामांनी तो उलटा करून खालून बघितला.

लोको शेडच्या मागे काटेरी रानबोरींचं रान माजलं होतं. मामांनी एका हिवाळ्यात येता-जाता त्यातल्या चार-दोन बोरींवर कुठल्याशा गोड बोरीचे डोळे, म्हणजे फांदीवरचे अंकुर, सालीत भरले. पुढं त्यांना सुपारीएवढाली बोरं लागली आणि शेडमधली माणसं जेवणाच्या सुट्टीत तिकडं वळायला लागली. एका साहेबानं विचारलं म्हणे, "रेल्वेच्या जागेत हे कुणाच्या परवानगीनं केलं?"

"बोरीच्या," मामा म्हणाले.

इनामगावला नदीकाठी जुनं गाव खणून काढताहेत असं कळलं तेव्हा मामा सुट्टी टाकून बघायला गेले. मडकी, मणी, चुली बघून लोक थक्क होत होते. मामांनी एकच चौकशी केली, की बोरीच्या बिया निघाल्या का. निघाल्या होत्या, जळून काळ्या झालेल्या. मामा इतक्या आनंदात परतले की जणू गावी मांडवगणला जाऊन एखादा हरवलेला चुलता भेटला.

त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली खिळ्याला कलमाचा चाकू टांगलेला असायचा. एकदा चाकूला धार लावता लावता ते मला म्हणाले, "माणसाची जात इचारणं आमी सोडलं, वैनी. पण झाडाची इचारावीच लागती. आंब्यावर चिंच बांधून बघा, आठ दिसांत वाळून जाती. ते एकमेकाला लागतच न्हाईत. माणसाचं तसं न्हाई. माणूस कुनावरबी लागतो."

हे ते उगाच बोलत नव्हते, कारण त्यांच्या घरात तसं एक माणूस होतं.

त्यांना सगळी वस्ती माई म्हणायची. माई म्हणजे मामांच्या सासूबाई. मामा तरुणपणी लष्करात, पलटणीत होते. पार तिकडं बिहारात, मोतिहारीच्या बाजूला त्यांची छावणी होती, आणि तिथल्या एका रेल्वे गँगमनच्या मुलीशी, फुलमतीशी, त्यांनी लग्न केलं. फुलमती दौंडला येऊन फुलाबाई झाली, भाकरी थापायला शिकली, आणि मी यायच्या आदल्याच वर्षी छातीच्या दुखण्यानं गेली. मूलबाळ नव्हतं. लेकीच्या आजारपणात माई तिकडून एकट्या आल्या होत्या. लेक गेली आणि माई राहिल्या. नवरा आधीच गेलेला. परत जायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माईंना मराठी येत नव्हतं. मामांना त्यांची बोली समजायची, पण बोलायचे ते पलटणीतलं हिंदी, तेही मांडवगणच्या वळणाचं. त्यामुळे सकाळी सकाळी भिंतीपलीकडून असे संवाद कानावर यायचे:

"माई, तुम उसके बुडक्यात राख मत टाको! वो बिथरेगा!"

"ना होई," माई म्हणायच्या.

"क्या नहीं होगा?"

"ना होई. लीची इहाँ ना होई."

होणार नाही. इथं लिची होणार नाही. दिवसातून निदान दहा वेळा माई हे सांगायच्या, आणि मामा प्रत्येक वेळी नव्यानं चिडायचे. ड्यूटीवर निघताना माईंवर झाडांचा भरवसा नको म्हणून ते एखादी नाजूक कुंडी उचलून गार्डाच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये ठेवायचे. रिठ्याचं एक रोप असं सोलापूरपर्यंत किती वेळा जाऊन आलं असेल त्याला गणती नाही. आमचे हे म्हणायचे, आता त्याला डब्याचं गाठोडं आणि शिट्टी तेवढी द्यायची राहिली आहे.

ते रिठ्याचं रोप कशासाठी होतं, तर लिचीसाठीच. दौंडच्या चुनखडीच्या मातीत लिचीची मुळं जगत नाहीत, पानांची टोकं करपतात, म्हणून तर ते झाड पिंपात होतं. पिंपातली माती मामांनी कुठून कुठून पिशव्यांतून आणलेली. मामांनी विचार केला, की मुळं इथल्या मातीला सरावलेल्या झाडाची घ्यावीत आणि वर लिचीची फांदी बांधावी. लिची आणि रिठा एकाच कुळातले, असं त्यांना पुण्याच्या एका नर्सरीवाल्यानं सांगितलं. झालं. रिठ्यावर लिचीचं कलम बांधलं गेलं. दोन आठवडे पानं हिरवीगार राहिली. सगळी वस्ती येऊन बघून गेली. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं विचारलं, "मामा, ह्याची फळं खायाची का डोसक्याला लावायची?" तिसऱ्या आठवड्यात काडी काळी पडली.

"ना होई," माई म्हणाल्या.

मामांनी चाकू पुसून परत खिळ्याला टांगला.

मला वाटायचं, ह्या माणसाला नुसती खुमखुमी आहे. येत नाही म्हटलं की आणून दाखवायचं. पण एका जूनमध्ये मामांच्या ओळखीच्या गार्डानं उत्तरेकडून येणाऱ्या गाडीतून लिचीची एक करंडी पाठवली. प्रवासात निम्मी फळं नासली होती. मामांनी उरलेली चांगली फळं ताटलीत घालून माईंसमोर ठेवली. माईंनी एक उचललं, नाकाशी नेलं, आणि परत ठेवलं. सगळी ताटली उचलून त्या भिंतीपाशी आल्या आणि माझ्या ओंजळीत रिकामी केली. मी तिथंच उभी राहून खाल्ली. इतकं गोड, इतकं रसाळ काही मी तोवर खाल्लं नव्हतं. माई समोर हात पसरून उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांना परत एखादं हवंय. तर त्यांना बिया हव्या होत्या.

लिचीची बी वाळली की मरते, लगेच पेरावी लागते. माईंनी त्याच दुपारी ओळीनं कुंड्या मांडल्या. मी मदतीला भिंत ओलांडून गेले. मला सिनेमांमुळे हिंदी बरं समजायचं, माईंचं बोलणंही आताशा उमगायला लागलं होतं. माती चाळता चाळता त्या, पिंपातल्या झाडाकडे न बघता, सांगत राहिल्या. आजारपणात फुलमतीला लिची खावीशी वाटत होती. फळांचे दिवस नव्हते. तेव्हा माईंनी येताना घरच्या झाडाची गुटी, म्हणजे फांदीलाच मुळं फुटवून काढलेलं रोप, ओल्या गोणपाटात बांधून मांडीवर घेऊन आणली. तीन गाड्या बदलल्या, पण खाली ठेवली नाही. लेकीला दाखवायची होती. लेकीनं ती बघितली, पानांना हात लावला. नवीन पालवी फुटायच्या आत ती गेली.

मी छत्रीकडे बघितलं. पुढं मी त्या छत्रीवरून कधी हसले नाही, आणि आमच्या ह्यांनाही हसू दिलं नाही.

माईंच्या कुंड्यांतली रोपं उगवली. बरीचशी उन्हाळ्यात करपली, पण तीन-चार तगली. माईंनी त्यांना काय काय घातलं देव जाणे. आंबट ताक, कुजका पाला, चिंच धुतलेलं पाणी. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांचे बुंधे पेन्सिलीएवढे झाले, आणि मामांच्या डोळ्यांत ती रोपं भरली.

"वैनी, हा खरा खुंट! दौंडच्या मातीत जन्मलेला आन् लिचीचाच. ह्याच्यावर पिंपातल्या लिचीची फांदी बांधायची. तिला पक्की मुळं मिळत्यात आन् ह्याला चांगलं फळ मिळतंय. नुसतं बियाचं झाड ठेवलं तर म्हातारपणाला फळ येणार, तेबी आंबट निघालं तर?"

अडचण एवढीच, की ती रोपं माईंची होती. भेटकलमात दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर ठेवून, साल तासून, एकमेकांना चिकटवून बांधतात. पुढं ती एकजीव झाली की खुंटाचा शेंडा छाटायचा आणि फांदी तिच्या आईपासून तोडायची. माईंना हे मान्य नव्हतं. पोटच्या पोरांसारखी वाढवलेली रोपं, त्यांची मुंडकी छाटायची? त्यांच्या गावात लिचीची गुटी करतात, असला खाटीकपणा कुणी करत नाही. मामांनी पलटणीतल्या हिंदीत बरीच विनवणी केली. माई कुंड्या उचलून घरात घेऊन गेल्या आणि खाटेखाली ठेवल्या.

मग मामा भिंतीपाशी आले. "वैनी, तुमी बोला. माझ्या तोंडून तिला सगळं हुकमासारखं ऐकू येतंय."

मी गेले. काय बोलले ते आता आठवत नाही. खाटेवर त्यांच्याशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं माईंनी वाकून एक कुंडी ओढून काढली. एकच.

श्रावणातल्या एका सकाळी कलम बांधलं. विटा रचून कुंडी फांदीच्या उंचीला आणली. मामांनी दोन्हीकडची साल तासली तेव्हा माईंनी मान फिरवली, पण काड्या जुळवायची वेळ आली तेव्हा मामांच्या चिमटीतून काडी दोनदा सुटली. माईंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि स्वतः दोन्ही काड्या चिमटीत अशा धरल्या की मध्ये वारा शिरू नये. मामांनी सुतळी गुंडाळली, वर शेणमातीचा लेप दिला. इतका वेळ त्या दोघांना न भांडता एकत्र मी प्रथमच पाहत होते.

"ना होई," शेवटी माई म्हणाल्या, पण हळू.

दसरा झाल्यावर माईंचा पुतण्या आला. शिवनाथ नावाचा, तिशीचा, सालस माणूस. गावाकडच्या शाळेत शिपाई होता, सुट्टी काढून आला होता. दिवाळीनंतर त्यांच्याकडे छठचा मोठा सण असतो, त्याच्या आत काकीला घरी न्यायचं म्हणत होता. त्यानं मामांच्या पाया पडून सगळं नीट सांगितलं. आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, लेक असताना गोष्ट वेगळी, आता जावयाच्या घरी काकी राहते म्हणून गावात लोक आम्हाला बोलतात. त्याचं काही चुकत नव्हतं.

मामांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी गाड्यांची चौकशी केली. माईंसाठी नवी घोंगडी आणली. मी विचारलं, "मामा, तुम्ही काहीच म्हणणार नाही?"

"मी काय म्हणू? फुला व्हती तवा ती माझी सासू. आता मी कोण तिचा?" ते घोंगडीची घडी घालत होते. मोडत होते आणि परत घालत होते. "तिला तिच्या मुलखात बरं वाटंल. हितं तिच्याशी बोलायलाबी कुणी न्हाई. माझ्याशी नुसती भांडती."

माईंनी पुतण्याला नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, की कलम तोडलेलं बघते आणि निघते. आपल्या रोपाचं काय झालं ते बघितल्याशिवाय कशी येऊ? शिवनाथला ते पटलं. आता किती दिवस राहिलेत, त्यानं विचारलं.

मामा चष्मा लावून कलमापाशी गेले. लेप जरासा खरवडला, खाली वाकून बघितलं. "कच्चं हाय अजून," ते म्हणाले. "आठ दिवस लागतील."

आठ दिवसांनी परत बघितलं. "जीव धरायला लागलंय. पण कच्चं हाय."

आता सांगायची गोष्ट अशी, की दोन वर्षं भिंतीपलीकडून बघून बघून मलाही कलमातलं थोडं कळायला लागलं होतं. त्या दिवशी मामा ड्यूटीवर गेल्यावर मी सहज जाऊन पाहिलं. सांधा फुगून गोल झाला होता, दोन्ही साली कुठं मिळाल्या ते शोधूनही सापडेना. सुतळी काड्यांमध्ये रुतायला लागली होती. ते कलम केव्हाच लागलं होतं. आंधळ्यानं चाचपून सांगितलं असतं.

मी वळले तर मागे माई उभ्या. जन्मभर लिचीच्या बागांत राबलेली बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून सांध्यावरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश. आणि दारात दात घासत उभ्या असलेल्या पुतण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अबहीं काँच बा."

अजून कच्चं आहे.

शिवनाथ बिचारा तोंड धुऊन माझ्याकडे आला. "भाभीजी, मला तर जुळल्यासारखं दिसतंय. तुम्हाला काय वाटतं?"

मी पदर सावरून गंभीरपणे म्हटलं, "नाही हो. घाई केली तर वाळून जातं. इथली हवा फार कोरडी."

दिवाळी तोंडावर आली. शिवनाथची सुट्टी संपत आली. तो रोज सकाळी कलमापुढं जाऊन उभा राहायचा, आणि मामा व माई दोघं दोन बाजूंनी वाकून, एकमेकांकडे न बघता, तेच सांगायचे. शेवटी तोच म्हणाला, "काकी, मला जायला हवं. तू पुढच्या वर्षी ये." तो काही अगदीच भोळा नसावा. निघताना त्यानं मामांना वाकून नमस्कार केला आणि माईंना म्हणाला, "कलम सांभाळ." घोंगडी मामांनी त्यालाच दिली.

आम्ही सगळे त्याला गाडीत बसवायला गेलो. गाडी सुटली, पुलाकडे वळून दिसेनाशी झाली. परत येताना मामा पुढं, माई त्यांच्यामागं, मी सगळ्यात मागं.

घरी पोचल्यावर माई चपला काढून तडक आत गेल्या आणि खिळ्याला टांगलेला चाकू घेऊन आल्या. मामांच्या हातात ठेवला. मामा बघतच राहिले.

"काटीं," माई म्हणाल्या.

मामांनी सुतळी उसवली. खुंटाचा शेंडा छाटला, तेव्हा माईंनी मान फिरवली नाही. मग फांदी तिच्या झाडापासून तोडली. कुंडी अलगद विटांवरून खाली उतरवली. नवं झाड आपल्या पायावर उभं राहिलं, अगदीच काटकुळं, सहा-सात पानांचं. माईंनी ते उचलून भिंतीच्या सावलीला नेलं, खाली बसून माती दाबली, आणि मान वर न करता मला सांगितलं, की आता खरी काळजी. निदान दोन-तीन वर्षं ह्याच्यावर नजर ठेवायला लागेल. ह्या माणसाला तर पाणी किती घालायचं तेही कळत नाही, सदा गाडीवर. मलाच बघायला लागणार.

"काय म्हनती?" मामांनी मला विचारलं. त्यांना सगळं समजलं होतं. तरी त्यांना ते परत ऐकायचं होतं.

मी मराठीत सांगितलं.

"व्हय का," मामा म्हणाले. "बरं. मी च्या ठेवतो," आणि आत गेले.

बराच वेळ झाला तरी चहा येईना. मी बघायला दारापर्यंत गेले. स्टोव्हवरचा चहा उतू जाऊन खाली ओघळत होता, आणि मामा हातात चिमटा धरून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी मागच्या मागं परत फिरले. परसात माई नव्या झाडाच्या पानांवरची इंजिनाची काजळी पदराच्या टोकानं एकेक करून पुसत होत्या.